किल्ल्याचा दरवाजा, वाडीचं फाटक

पालघरला उतरून शिरगावची रिक्षा धरली, ती तोफा आणि बुरूज मोजायला नव्हे. मला बघायच्या होत्या देवड्या, म्हणजे दरवाज्याच्या पोटातली पहारेकऱ्यांची जागा. महाल-वाड्यांवर लिहून लिहून कागद संपले. रात्रभर जागणाऱ्या शिपायासाठी गवंड्याने काय बांधलं, तिकडे सहसा कोणी बघत नाही.

शिरगावचा कोट आटोपशीर, समुद्राला खेटून. लोक येतात ते तिथल्या फांद्या फुटलेल्या ताडाबरोबर फोटो काढायला. मी मात्र दरवाज्यातच रेंगाळलो. बाहेर घामाच्या धारा आणि कमानीखाली गारवा. देवडीचं जोतं उचललेलं असतं ते उगाच नाही: शिपाई बसलेला असला तरी त्याची नजर येणाऱ्याच्या तोंडाला भिडते, आणि पावसाचं पाणी अंथरुणाला लागत नाही. दगडांच्या सांध्यांत चुना अजून घट्ट आहे; नखाने खरवडून पाहिलं, नखच झिजलं.

पुढे उमरोळी, मग बोईसर. स्टेशनाबाहेर एमआयडीसीच्या पाळीची झुंबड. तारापूर म्हटलं की रिक्षावाला आधी अणुवीज केंद्राचंच नाव घेतो. ते 1969 पासून वीज देतंय. त्याच्या फाटकाशी रेंगाळायची सोय अर्थातच नाही.

तारापूरचा कोट पोर्तुगीजांचा. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि तो घेतला. मराठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर इथेच पडले. मे महिन्यात वसई आली, म्हणून तारापूरची लढाई झाकोळली. पुढे पेशव्यांनी हा कोट विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराला इनाम दिला. हे घराणं लहानसहान नव्हे. त्यांची पेढी थेट निजामाच्या हैदराबादेत होती. लढाऊ कोटाची अशी खाजगी मालमत्ता झाली, आणि आत वाडी रुजली.

दरवाज्यात राखणदाराला विचारलं, "दादा, आत येऊ का?"

"मालकांना विचारल्याशिवाय नाही. इथं सावलीत बसा हवं तर."

बसलो. शेजारी फवारणीचा पंप, रिकाम्या करंड्या, खुंटीला सदरा, मोबाइल चार्जिंगला लावलेला. शिरगावची देवडी बघायची वस्तू झाली आहे. इथली कामावर आहे. खाजगी मालकीबद्दल गडप्रेमींची तक्रार असते, ती मला निम्मीच पटते. तटांवर वड-पिंपळ फोफावून कोट ढासळताना कोकणात जागोजाग दिसतात. रोज उघडून लावला जाणारा दरवाजा निदान कोणाच्या तरी नजरेखाली असतो.

तारापूरला जाणार असाल तर मालकांची परवानगी आधी काढा. नाही मिळाली, तर कुंपणावरून उड्या मारू नका. दरवाजा बाहेरूनही नीट बघता येतो.