ओपन फाइल्स

सुपरमॅन १३० डॉलरला विकला गेला होता. सिनेमाचं तिकीट नाही, खेळणं नाही, अख्खा सुपरमॅन.

जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. क्लीव्हलँडमधली शाळेपासूनची दोस्ती, त्यात मंदीचा काळ. वर्तमानपत्रांना कॉमिक पट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेट्सकडे त्यांनी सुपरमॅन वर्षानुवर्षं पाठवला आणि नकार गोळा केले. शेवटी मार्च १९३८ मध्ये एका प्रकाशकाने तो घेतला. १३ पानांची गोष्ट, पानाला १० डॉलर. सोबत सगळे हक्क, कायमचे. दोघंही तेव्हा २३ वर्षांचे होते.

मीही २३ची आहे, आणि नकार गोळा करण्यात माझाही बऱ्यापैकी हात बसलाय. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहते, ग्राफिक डिझायनर आहे. म्हणजे सर्टिफिकेटवर आहे. आई नातेवाइकांना सांगते, ‘बघतेय कुठेतरी.’ हे बघणं सात महिने चाललंय. रूममेट्स ऑफिसला गेल्या की मी अर्ज भरते, अर्जांचा वीट आला की कॉमिक्स वाचते, आणि या दोन्हीच्या मागे कानात टेलर स्विफ्ट चालू असते.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या त्या पहिल्या अंकात क्लार्क केंट पत्रकार आहे. धड नोकरी नसलेल्या दोन पोरांनी आपल्या हिरोला उडायला शिकवायच्या आधी नोकरी लावून दिली, हे मला फार खरं वाटतं. पुढे सुपरमॅन रेडिओवर गेला, पडद्यावर गेला. हे दोघं कोर्टात गेले आणि हरले. उतारवयात सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येतोय म्हटल्यावर त्याने जाहीर पत्रक काढून त्या सिनेमाला चक्क शाप दिला. बोभाटा झाला, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर देऊ केले आणि सुपरमॅनवर त्यांची नावं परत आली. ते १३० डॉलर ज्या चेकवर लिहिले होते, तो चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. कागदाला भाव आला, माणसांना नाही.

टेलरची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. तिनेही किशोरवयात करार केला होता, त्यामुळे पहिल्या सहा अल्बमच्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे होती. २०१९ मध्ये कंपनी विकली गेली आणि रेकॉर्डिंगही तिच्यासोबत गेली. पण गाणी टेलरने लिहिलेली होती, त्यामुळे ती पुन्हा गाता येत होती. २०२१ पासून तिने चार अल्बम नव्याने रेकॉर्ड केले. २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डिंगही विकत घेतली. मी कधीकधी जुना ‘रेड’ आणि नवा ‘रेड’ एकापाठोपाठ लावते. शब्द तेच, गाणारी नऊ वर्षांनी मोठी झालेली.

हे सगळं डोक्यात असतानाच एका एजन्सीने मला दुसऱ्या राउंडनंतर असाइनमेंट दिली. चहाच्या ब्रँडसाठी १२ पोस्ट आणि लोगोचे ३ पर्याय, चार दिवसांत. मी जागून केलं. त्यांना आवडलं. मग मेल आला: ओपन फाइल्स पाठवा आणि सोबतच्या फॉर्मवर सही करा. फॉर्मचा अर्थ एका ओळीचा होता, हे काम आता आमचं. निवडीबद्दल मात्र ‘पुढच्या आठवड्यात कळवू’.

रूममेट म्हणाली, “अगं देऊन टाक ना. चार दिवसांचं तर काम. नोकरी लागली तर?”

बाबांना फोन केला. ते कराडजवळच्या एका विकास सोसायटीत सचिव आहेत, डिझाइनमधलं त्यांना काही कळत नाही. ते एवढंच म्हणाले, “बाळा, ही सही आणि कोरा चेक सारखाच.”

मग मी १९५७चा कॉपीराइट कायदा उघडला. वेगळा करार नसेल, तर नोकरीत असताना केलेल्या कामाची पहिली मालकी कंपनीची. पण मला नोकरीच नव्हती, पैसेही मिळाले नव्हते. मग काम माझंच. ते दुसऱ्याला द्यायचं तर लेखी आणि सहीनिशी द्यावं लागतं. म्हणून तर तो फॉर्म.

मी उत्तर लिहिलं: पीडीएफ तुमच्याकडे आहे. ओपन फाइल्स नेमणुकीनंतर, किंवा ८ हजार रुपये दिल्यावर. सेंड दाबलं आणि पोटात गोळा आला. या महिन्याचं भाडंसुद्धा बाबांनी पाठवलंय.

टेलरकडे पैसा होता, वकील होते, ऐकणारं जग होतं. सीगलकडे यातलं काही नव्हतं, म्हणून त्याला शाप द्यावा लागला. माझ्याकडे फक्त ओपन फाइल्स होत्या.

१९ दिवस झाले, उत्तर नाही. रूममेट म्हणते, “हातची घालवलीस.” हातात होती कधी, असं मी म्हणते, पण रात्री झोपताना तिचंच म्हणणं ऐकू येतं. नव्या अर्जांमध्ये ‘अपेक्षित पगार’ नावाचा रकाना असतो. तिथे मी सात महिने ‘नेगोशिएबल’ लिहीत आले. या आठवड्यात पाच अर्ज भरले. पाचही ठिकाणी आकडा लिहिलाय.