डोल

डोल कुणाच्या मागे लागत नाही. ट्रॉलर मासळीमागे धावतो, पर्ससीन थव्याला वेढा घालते. डोल ठरल्या जागी तोंड उघडून बसते आणि प्रवाह जे आणील ते पोटात घेते. वर्सोवा, उत्तन, वसई, अर्नाळ्यापासून पार सौराष्ट्रातल्या जाफराबादपर्यंत तिचा वावर. बोंबीलही याच पट्ट्यात मुबलक. मऊ अंगाचा, पाण्याच्या ओढीबरोबर येणारा हा मासा जितका डोलीने दिला, तितका दुसऱ्या कुठल्याच जाळ्याने दिला नाही.

अंगाने ती निमुळती, पायजम्याच्या पायासारखी. मोठी डोल 50 मीटरच्या आसपास लांब भरते. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, एवढी मोठी, की हाताचा पंजा आरपार जावा. मागे जाऊ तशी ती बारीक होते आणि शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, करंगळीसुद्धा अडते. हे सगळं धूड ओढीला टिकावं म्हणून समुद्राच्या तळात लांबच लांब खुंट ठोकतात. खुंटांच्या या जागा, म्हणजे कवी, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालत आलेल्या. त्यांच्यावरून गावागावांत भांडणंही झाली आहेत.

डोल तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, तेव्हा ती फुगते आणि भरते. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी मंदावतं, की तिचंही पोट खपाटीला जातं. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी जरा वेळ थांबतं, तेवढ्यात तिला वर घ्यायचं. चुकलं, पाणी फिरलं, की आत आलेली मासळी आल्या वाटेने बाहेर. म्हणून डोलकर तारीख नंतर बघतो, आधी तिथी.

खोला बोटीत ओढून घेतात आणि टोकाची गाठ सोडतात, तेव्हा तिचं खरं रूप दिसतं. जवळा भसाभस ओघळतो. त्यातच मांदेली, करंदी, चांदीचे पट्टे पडावेत तशा वाकट्या, आणि तोंड वासून पडलेले बोंबील. बोंबील फार वेळ टिकत नाही. ताजा विकला जाईल तेवढा विकायचा, उरलेला वलांडीवर वाळायला. तिथे कोळणींचे हात बघत राहावेत. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना सुतळी लागते ना गाठ. त्यांच्याच दातांनी ते एकमेकांना धरून वाळतात. पावसाळ्यात आपल्या ताटात येणारा सुका बोंबील असा तयार झालेला असतो.

पण त्याच ढिगात तळहाताच्या खळग्यात मावतील अशी पापलेटं असतात. ज्या डोलीने कोळीवाडे जगवले, तिचा हा दोष झाकून चालणार नाही. तो तिच्या बसून राहण्यात नाही, खोल्यात आहे. जवळा-करंदी हवी म्हणून आस बारीक ठेवायची, आणि बारीक आशीला पिल्लू कोणाचं हे कळत नाही. पूर्वी जाळी तागाची, सुताची. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, वाळवायची. तेवढा वेळ जाळं पाण्याबाहेर असायचं. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे ती सक्तीची विश्रांतीही गेली. सातपाटीचा मच्छीमार दालदी जाळ्याने मोठं पापलेट धरतो. ते त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच खोल्यात संपतं. आणि निवडानिवडीतून उरलेली बारीकसारीक मासळी फिशमीलला जाते. तिचंच खाद्य होऊन तळ्यातली कोळंबी पोसली जाते. 

महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटची 135 मिलिमीटर. निर्णय योग्यच आहे. मात्र ही मोजपट्टी लागते बंदरावर, मासा मेल्यावर. बोटीवर आलेलं पिल्लू परत टाकलं तरी बहुतेकदा वाचत नाही. वाचवायचं तर खोल्यातच वाचवायला हवं.

डोलीला ट्रॉलरच्या रांगेत उभं करणं मला मान्य नाही. ती तळ खरवडत नाही. मासळी शोधत तिला तासन्‌तास डिझेल जाळावं लागत नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात तिचा डोलकरही किनाऱ्यावर बसून जाळी सांधतो. अशा जाळ्यावर बंदी घालायची नसते, ते सुधारायचं असतं. पापलेटची पिल्लं ज्या महिन्यांत लागतात त्या महिन्यांपुरती खोल्याची आस मोठी करावी. तेवढ्या दिवसांत हातचा जवळा जाईल, त्याची भरपाई सरकारने द्यावी. छोट्या डोलकराने हा तोटा एकट्याने का सोसावा?

आपलंही एक काम आहे. पापलेट 135 मिलिमीटरच्या, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरच्या आत असेल, तर वाटा कितीही स्वस्त लावलेला असो, घेऊ नका. त्या दिवशी बोंबील घ्या.