झाला का पोपटी?

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून कामावर परतलो. पहिल्याच आठवड्यात शिकाऊ मुलीनं बीकर समोर धरून विचारलं, ‘‘सर, झाला का पोपटी?’’ डावा डोळा म्हणाला, झाला. उजवा म्हणाला, अजून शेवाळी आहे. मी सवयीनं डाव्याचं ऐकलं.

आमचं काम नमुन्यातलं युरेनियम मोजण्याचं. जोन्स रिडक्टरच्या नळीतल्या पारा चढवलेल्या जस्तातून उतरलेलं युरेनियम ऑक्सिडीकरणाच्या चौथ्या पायरीवर थांबत नाही. थोडं तिसरीपर्यंत घसरतं. मग हवेचे बुडबुडे सोडून त्याला चौथीवर आणायचं, म्हणजे पोपटी करायचं. पाच मिनिटं, असं पुस्तक सांगतं. पण बुडबुडे कसे, बारीक की बटबटीत? हवा कमी पडली तर उत्तर जास्त येतं. फार सोडली तर चौथीवरचंही हळूहळू वर सरकू लागतं. नोकरीभर मी या पाच मिनिटांभोवतीच घुटमळलो आणि घड्याळ मात्र कधी लावलं नाही. डोळ्यांचा माज, दुसरं काय.

शेजारच्या टेबलावर डेव्हिस-ग्रे चालायचं, १९६४ची पद्धत. फॉस्फोरिक आम्लात फेरस लोखंडाला असा जोर चढतो की ते युरेनियमला नेमकं चौथीवर आणून सोडतं. नायट्रेटची शेजाऱ्यांना धास्ती नव्हती. मला मात्र नमुना गंधकाम्लात धूर निघेपर्यंत आटवावा लागतो. नायट्रेट राहिलं की जस्त त्याचं हायड्रॉक्सिलअमाइन करतं आणि ते ब्युरेटमधलं सेरिक फुकट खातं. गंमत अशी, की प्लुटोनियम वेगळं करताना याच हायड्रॉक्सिलअमाइनला मान असतो. ते प्लुटोनियमला तिसरीवर उतरवतं, सहावीवरच्या युरेनियमला हात लावत नाही. माझं पोपटी युरेनियमही तिथं क्षपणक म्हणून चालतं. काम झालं की स्वतः सहावीवर जातं, फेरस सल्फामेटसारखं टाकाऊ द्रावणात लोखंड ठेवून जात नाही.

शेजाऱ्यांची पद्धत सरस होती. त्यांच्या निरोप समारंभात मी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं, पद्धतीचं नाही. आताच्या मुलांचं ऑटोटायट्रेटरवर भागतं. बीकरकडे कुणी बघतसुद्धा नाही, असं म्हणायचो. हल्ली म्हणत नाही.

मुलीनं काही न बोलता दुसरा नमुना घेतला, मोबाइलवर वेळ लावली, हवा सोडली. तिचं उत्तर माझ्यापेक्षा कमी आलं. नोंदवहीतल्या माझ्या आकड्यावर मी आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख घालून सही केली.