साडेतीन प्रदक्षिणा घातलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला... "किती चाललीय?" आमचं उत्तर होतं 1,42,000 किलोमीटर! ऐकणारा लगेच तोंड वाकडं करायचा. मी कॅल्क्युलेटर काढला. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर साधारण 40,075 किलोमीटर. म्हणजे या गाडीने पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्या महाराष्ट्रात आकडा तसा शुभच की!

गाडी हवी होती आईसाठी. ती कोरेगावच्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. साताऱ्याहून जाऊन-येऊन रोज 52 किलोमीटर. इतकी वर्षं एस.टी. आणि पुढे वडाप असं चाललं, पण आता गुडघा एस.टी.ची पायरी चढू देत नाही. घरात कमावणारी ती एकटीच. चार लाखांची एफ.डी., त्यातले एक लाख माझ्या फायनल इयरच्या फीचे. उरले तीन. नव्या गाडीचा विषयच संपला!

दोन गाड्या पाहिल्या. (नावं लिहीत नाही, नाहीतर फुकट जाहिरात व्हायची.) पहिली फक्त 48,000 चाललेली, किंमत बरोबर तीन लाख. पण ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगला तकाकी आलेली आणि सर्व्हिस बुकमध्ये 21,000 नंतर एकही नोंद नाही. दुसरी आमची साडेतीन प्रदक्षिणावाली, डिझेल. एका एम.आर.ने आठ वर्षं कोल्हापूर-सातारा-पुणे हायवेवर फिरवलेली. वर्षाला साधारण 17,750 किलोमीटर, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाइलला लावलेलं. मागणी 2 लाख 90 हजार.

इथे आमचं मेकॅनिकल कामाला आलं. हायवेवर इंजिन नीट तापतं, एका वेगात चालतं, क्लच कमी दाबला जातो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणारं इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओल साठत राहते. म्हणून सगळे किलोमीटर सारखे नसतात. बाथटब कर्व्ह आपण सगळ्यांनी परीक्षेत काढलाय. शेवटी झिजेमुळे बिघाड वाढत जातात. पण गाडी म्हणजे एकच बाथटब नाही, प्रत्येक पार्टचा टब वेगळा! ओळखीचे मेकॅनिक काका सकाळी इंजिन थंड असतानाच आले. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. निळा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. क्लच मात्र संपत आलेला, पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेलेले, दोन टायर बदलायला झालेले.

आईला यातलं काही नको होतं. तिने एकच विचारलं, "संध्याकाळी एकटी असताना रस्त्यात बंद पडली तर?"

खरा प्रश्न हाच होता! काका म्हणाले, "ताई, बंद पडणार नाही असं नव्या गाडीचंही सांगत नाही. पण हिचं काय जाणार ते आज दिसतंय. पहिल्या गाडीचं काय गेलंय तेच कळत नाही."

मग हिशोब मांडला. घासाघीस करून गाडी 2 लाख 60 हजारांना ठरली. उरलेले 40 हजार क्लच, बुश आणि टायरसाठी वेगळे ठेवले. ते काम झाल्याशिवाय आईने गाडी शाळेला न्यायची नाही. फीला हात लावायचा नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, इन्शुरन्स नावावर करायला 14 दिवसांच्या आत अर्ज दिला.

शेजारच्या काकूंनी शेवटचा प्रयत्न केलाच, "एवढी चाललेली कशाला घेताय?" आई म्हणाली, "माझीही बावन्न वर्षं चालून झालीत. मला कुणी भंगारात काढलं का?" बावन्नाव्या वर्षी ती आता ड्रायव्हिंग शिकतेय. रिव्हर्स अजून जमत नाही, पण सरळ छान जाते!

तेव्हा दोस्तांनो, लॅबमध्ये रीडिंग्ज 'जुळवून आणणारे' महाभाग आपल्याही हॉस्टेलवर आहेत. आकडा छान दिसतो म्हणून भुलू नका. तो आला कुठून, ते आधी विचारा!