घूंऽऽऽ

गेल्या दीड वर्षात मी एका आवाजावर साधारण चाळीस हजार रुपये खर्च केले. आवाज काढण्यावर नव्हे, घालवण्यावर. हा आकडा मी बायको हा ब्लॉग वाचत नाही या भरवशावर लिहितोय. जे नातेवाईक वाचतात त्यांनी कृपया तोंड बंद ठेवावं. (आत्या, हे तुला आहे.)

तर त्याचं असं आहे, की माझ्याकडे एक बेस गिटार आहे. ज्यांना बेस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: लग्नातल्या ऑर्केस्ट्रात मागे जो माणूस काहीच करत नसल्यासारखा उभा असतो आणि ज्याचे फोटो कुणी काढत नाही, तो बेस वाजवत असतो. चार जाड तारा. तो थांबला की गाण्याच्या पायाखालची फरशी गेल्यासारखं वाटतं, पण नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही. माझा बेस फेंडरच्या जाझ बेसच्या घाटाचा आहे, फेंडरचा नाही. सेकंडहँड घेतला, चार वर्षं झाली.

हा बेस ॲम्पला जोडला की मी तारेला हात लावायच्या आधीच ॲम्प स्वतःहून गाऊ लागतो. घूंऽऽऽ. ही विजेची गुणगुण. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, म्हणून आपली गुणगुण साधारण 'जी' या सुराच्या जरा वर लागते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडची गुणगुण 'ए शार्प' आणि 'बी'च्या मधे कुठेतरी. म्हणजे तिकडच्या आणि इकडच्या ॲम्पचा 'सा'सुद्धा जुळत नाही. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला लागते, म्हणजे ही घूं बरोब्बर माझ्या हद्दीत येऊन बसते. गिटारवाल्यांचं निदान वरच्या मजल्यावर तरी काम असतं.

कारण सोपं आहे. तारांखाली जो पिकअप असतो तो म्हणजे लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो, तो ॲम्प मोठा करतो. पण त्या गुंडाळीला अक्कल नसते. तिला वरची तार आणि छतावरची ट्यूबलाइट सारखीच. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ मध्ये तोड काढली: दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडायच्या, म्हणजे बाहेरची गुणगुण परस्पर कापली जाते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. त्यालाच हमबकर म्हणतात. माझ्या बेसवर एकेरी गुंडाळीचे दोन पिकअप आहेत, एकमेकांच्या उलटे. दोन्ही नॉब पूर्ण उघडले की गुणगुण बंद व्हायला हवी. माझी होत नव्हती.

मग मी खरेदीला लागलो. आधी महागडी केबल घेतली. फरक शून्य. मग पेडल्सना वेगवेगळी वीज पुरवणारा एक डबा. मग नॉइज गेट. हे यंत्र तुम्ही वाजवत नसलात की दार लावून घेतं, म्हणजे शांतता. वाजवायला लागलात की दार उघडतं आणि तुमच्या सुराबरोबर घूंसुद्धा आत येते. शिवाय लांबवलेल्या सुराचं शेपूट दारात सापडून तुटतं ते वेगळंच. या सगळ्या भरात एक आयबनेझचा ट्यूब स्क्रीमरसुद्धा घेतला, ज्याचा गुणगुणीशी काडीचा संबंध नाही. तो हिरवा आहे आणि स्टीव्ही रे वॉनकडे होता, एवढं कारण मला पुरलं. (बेसवर तो लावला की खालचा भारदस्तपणा पातळ होतो. हे मला घेण्याआधीही माहीत होतं.)

या रोगाला इंग्रजीत नाव आहे, 'गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम', लाडाने 'गॅस'. स्टीली डॅन बँडच्या वॉल्टर बेकरने नव्वदच्या दशकात ते प्रचारात आणलं, तेव्हा त्यातला जी 'गिटार'चा होता. रोग पसरत गेला तसा पेडल, केबल, पट्टे सगळंच त्यात आलं. आम्ही चौघं शनिवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवायला भेटतो. सगळे पन्नाशीच्या आगेमागे. दोन तासांतला दीड तास कुणी काय घेतलं, कुणी काय विकलं, आणि अमुक पेडलची जुनी जपानी आवृत्ती नव्यापेक्षा किती 'ऊबदार' वाजते यात जातो. गंमत अशी की कॉलेजात असताना आमच्यात मिळून एक कोलकात्याची गिवसन होती (गिब्सन नव्हे, गिवसन), तिच्या तारा फळीपासून इतक्या वर की रात्री बोटं पाण्यात बुडवून बसावं लागायचं. पण तेव्हा आम्हाला सहा गाणी पुरती येत होती.

घरी किंमत सांगायची माझी एक पद्धत आहे: खरी किंमत भागिले तीन. आणि "हे नवीन का?" या प्रश्नाला "छे, आहेच की जुनं" हे उत्तर. जाणकार हसले असतील.

असो. तर गेल्या दिवाळीनंतर मामा आमच्याकडे आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. मामा मिरजेचे. १९७१ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, गणेश मंडळांचे ॲम्प्लिफायर. लहानपणी सुट्टीत मी त्या दुकानात बसायचो. रोझिनचा तो गोडसर धूर अजून कुठे आला की मला मे महिना आठवतो. दुकान बंद होऊन आता वीस वर्षं झाली.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत बेस जोडला आणि मामा दारात येऊन उभे राहिले. "कसला आवाज येतोय हा?" मी त्यांना खुर्ची दिली आणि उत्साहाने सगळं दाखवलं. मिरजेचा माणूस, त्यामुळे फ्रेट्सना ते पडदे म्हणतात, ब्रिजला घोडी. एक तार पडद्याला घासून जराशी झणझणत होती, ती ऐकून म्हणाले, "जवारी चांगली लागलीय की." मी म्हटलं मामा, याच्यात तो दोष असतो. "आमच्याकडं त्याच्यासाठी घोडी दिवसदिवस घासतात, वर तारेखाली दोरा सरकवतात, आणि तुमच्याकडं दोष होय?" मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांनी त्या आठवड्यात मला तिसऱ्यांदा सांगितलं.

मग ट्यूब स्क्रीमर उघडायला लावला. यात ट्यूब कुठंय, हा पहिला प्रश्न. ट्यूब नाहीच, ट्यूबच्या ॲम्पसारखा आवाज करतो म्हणून नाव. भिंग लावून बराच वेळ बघत बसले आणि मोठ्यांदा हसले. "अरे, हा तर ४५५८! टेपच्या टोन कंट्रोलच्या बोर्डात हाच असायचा. मी शेकड्यानं बसवलेत." मी म्हटलं, मामा, याच चिपसाठी लोक जुने पेडल शोधत फिरतात. "माझ्याकडं माळ्यावर डबाभर पडलेत, येताना आणले असते," म्हणाले.

मी त्यांना लिओ फेंडरची गोष्ट सांगितली. बेस गिटार आज ज्या रूपात आहे ती १९५१ मध्ये ज्याने बाजारात आणली, आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर, १९६० चा जाझ बेस ज्याच्या कारखान्यातून निघाले, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९३८ मध्ये त्याने दुकान काढलं होतं. आणि त्याला गिटार वाजवायला कधीच आली नाही. मामांना यात काहीच नवल वाटलं नाही. "वाजवणाऱ्याला कुठला वेळ दुरुस्तीला?"

मग गुणगुणीकडे वळले. म्हणाले, तारांना हात लाव. लावला. फरक नाही. आता वायर जिथं खुपसतोस त्या पत्र्याला लाव. लावला, तर घूं निम्म्यावर आली. "म्हणजे घोडीची अर्थची वायर तुटलीय. साधं आहे." मी म्हटलं हो, पण पत्र्याला हात लावला की जरा मुंग्या आल्यासारखं होतं.

"कधीपासून?"

"नेहमीचंच आहे ते."

मामा उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मला आठवतं तेव्हापासून मामा माझ्यावर एकदाच ओरडलेत, दुकानात मी उघड्या रेडिओत बोट घातलं तेव्हा. हे दुसऱ्यांदा. ओरडले म्हणजे आवाज चढवला नाही, नुसतं "नेहमीचंच?" असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला होल्डर, बल्ब आणि दोन वायरी आणायला लावून टेस्ट लॅम्प करून घेतला. पायात रबरी चपला, लाकडी स्टूल, एक हात पाठीमागे, अशा थाटात मी आणि खुर्चीत मामा. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख. फेज आणि अर्थमध्ये काहीच नाही. दुसऱ्या खोलीत, स्वयंपाकघरात, सगळीकडे तेच. आमच्या फ्लॅटला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांपैकी सगळ्यात जाड पिन इतकी वर्षं शोभेची होती.

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मी अजून नीट पचवलेलं नाही. ॲम्पमधून थोडी वीज पेटीवर गळत होती. अर्थिंग नसल्यामुळे ती जायला जागा नव्हती. केबलमधून ती बेसच्या पत्र्यापर्यंत येत होती, आणि घोडीची वायर शाबूत असती तर चारही तारांवर आली असती. म्हणजे माझ्या दोन्ही हातांवर. गळती वाढली असती, पायाखाली ओली फरशी असती तर... स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे मे १९७२ मध्ये स्वान्सीला असाच गेला, स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. हे मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. वाचून पुढच्या पानावर पेडल बघायला गेलो होतो.

जी तुटलेली वायर मला नको ती गुणगुण देत होती, तीच बहुतेक मला सांभाळून होती. आणि माझी लेक याच खोलीत अभ्यासाला बसते.

सोसायटीत अर्थिंगची तार मीटरखोलीतच तुटलेली निघाली. आमचाच नव्हे, त्या बाजूचे आठही फ्लॅट तसेच. कुणाच्या कामात ती तुटली यावर दोन मीटिंगा झाल्या (तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे, आणि ती मी लिहिणार नाही). दुरुस्त व्हायला बावीस दिवस लागले. तोवर मामांनी बेस कपाटावर ठेवायला लावला आणि गीझरचं बटण चालू असताना कुणी आंघोळ करायची नाही असा फतवा काढला. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मधे होतं म्हणून बरं, नाहीतर त्यासाठी मुद्दाम राहिले असते.

काम झालं त्या दिवशी पुन्हा टेस्ट लॅम्प. तिन्ही खोल्यांत बल्ब लख्ख. मग बेस खाली आला. घोडीचे पाच स्क्रू काढले, खाली वायरीचं टोक खरंच तुटून आत गेलेलं. सोल्डरिंग गन मामांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, टोक वायरीजवळ नेलं, आणि हात इतका थरथरत होता की टोक कुठेच टेकेना. दोनदा बघितलं आणि काही न बोलता माझ्याकडे दिली. "आधी वायर तापव. शिसं गनला लावू नकोस, वायरीला लाव, ते आपोआप ओढून घेतं. फुंकू नकोस, ड्राय सोल्डर होईल." मी फुंकलंच. पुन्हा करायला लावलं. तीनदा.

जोडून ॲम्प चालू केला. दोन्ही नॉब पूर्ण उघडे. काही नाही. नॉइज गेट नाही, काही नाही, आणि तरी काही नाही. रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला.

"वाजव आता," मामा म्हणाले.

मी एक रिफ वाजवला. चार मात्रांचा, दोनदा. थांबलो. "पुढं?" दुसऱ्या एका गाण्याची सुरुवात वाजवली. "हं, पुढं?" पुढे येत नव्हतं. कुठल्याच गाण्याचं. मी म्हटलं मामा, एवढंच येतं. त्यांनी मान हलवली, रागावले वगैरे नाहीत. इतके डबे, इतकी बटणं बघून त्यांचा काहीतरी वेगळा समज झाला असावा.

मग म्हणाले, "काळी एकचा सा दे." दिला. त्यांनी अभंग धरला. मी सा, मधे मधे प, एका जागी म. सूर हलत होता, त्यांचाही आणि माझाही. स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. दोन कडवी छान झाली, तिसरं त्यांना आठवेना, बराच वेळ आठवत बसले आणि मी सा देत राहिलो. शेवटी म्हणाले, मामीला फोन करून विचारतो. मामींना बरोबर आठवलं, पण त्यांनी फोनवर औषधांची चौकशी सुरू केली आणि अभंग राहिला तो राहिलाच.

मामा मिरजेला परत गेले. रविवारी फोन करतात, पहिला प्रश्न "मुंग्या?" हा असतो. मी नाही म्हणतो, मग ते तब्येतीचं विचारतात.

नॉइज गेट आता लागत नाही म्हणून मी विकायला काढला. ओळखीतल्या एका मुलाने तो सहा हजाराला घेतला, घरी येऊन, रोख. पैसे बायकोच्या समोरच मोजले गेले. तिला मी तो दोन हजाराला घेतल्याचं सांगितलं होतं. ती काहीच बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "दोन हजाराची वस्तू वर्षभर वापरून सहाला विकलीस. मग बाकीचं सगळंही काढू या ना विकायला, फ्लॅटचं कर्ज फिटेल."

ट्यूब स्क्रीमर आहे. कुणाला हवा असल्यास कळवा, पण किंमत कृपया फोनवरच बोलू.