चतकोर

जेवताना पाणी प्यायचं नाही, हा नियम ऐकून आई जितकी अस्वस्थ झाली तितकी ती ऑपरेशनच्या बातमीनेही झाली नव्हती. पोटाला चार-पाच भोकं पाडून आत पट्टी बसवणार, हे तिने निमूट ऐकून घेतलं. पण भाकरी खाणाऱ्यापुढचा तांब्या उचलायचा? आमच्या कर्जतकडे ताटाआधी तांब्या येतो आणि पंगत उठेपर्यंत जागचा हलत नाही. बाजरीची भाकरी कोरडी, त्यावर ठेचा. "आन् ठसका लागला म्हंजी?" तिने पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, की आजी, मध्येच पाणी प्यालं की घास धुऊन खाली जातो, वरचा कप्पा लगेच रिकामा होतो, मग पट्टीचा उपयोग राहत नाही. तिने मान हलवली. बाहेर पायऱ्यांवर मात्र माझा हात धरून म्हणाली, "तू घोट घेत जा रं. म्या कुनाला सांगत न्हाई."

गॅस्ट्रिक बँड म्हणजे सिलिकॉनचं एक कडं. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती ते बसवतात, त्यामुळे वर दोन-तीन चमचे मावतील एवढाच कप्पा उरतो. कड्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. तिथून निघालेली नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका छोट्या डबीला जोडलेली असते. त्या डबीत सुई टोचून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. आवळता येणारा असा बँड लुबोमिर कुझमाक या शल्यविशारदाने अमेरिकेत 1986 साली वापरला. बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी 1993 मध्ये तो दुर्बिणीतून बसवला, आणि 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. मला तो बसवला तेव्हा 2010 साल होतं. माझं वजन 126 किलो, साखर वाढलेली, आणि रात्री झोपेत श्वास थांबायचा म्हणून बायको उशाशी जागी राहायची.

सुरुवातीला नुसतं पातळ: गाळलेलं वरण, ताक, नारळपाणी. मग पेज, मग मऊ खिचडी, मग हळूहळू घरचं जेवण. घास बोटाच्या पेरापेक्षा मोठा नको. तोंडात त्याचं पीठ होईपर्यंत चावायचा, गिळायचा आणि थांबायचं. हे थांबणं मला जमेना. दुष्काळी तालुक्यातलं जेवण भराभर उरकायचं असतं, मागे काम उभं असतं. सकाळच्या वेळी कडं जास्त आवळल्यासारखं वाटे, त्यामुळे न्याहारीची भाकरी तर हमखास अडकायची. छातीच्या मधोमध घास थांबतो, तोंडाला पाणी सुटतं, फेसाळ लाळ येत राहते, आणि माणसांतून उठून मोरीकडे जावं लागतं. चपाती अडकायची, मोकळा भात अडकायचा, मटणाचा धागा तर अडकायचाच. भिगवणची चिलापी मात्र सुखाने उतरायची. पुण्याला सुई टोचून घ्यायला गेलो की परतीच्या वाटेवर, राशीनचा फाटा घेण्याआधी, तिथे थांबून माशाचा एक तुकडा खाणं हा माझा सण झाला.

भाकरीवर शेवटी एक तोड सापडली. चतकोर भाकरी बारीक चुरायची, तीवर डाळींची झणझणीत शिपी आमटी ओतायची आणि झाकून ठेवायची. चुरा आमटी पिऊन मऊ होईपर्यंत घरातल्या बाकीच्यांचं जेवण अर्धं झालेलं असे. दात पडल्यावर आजोबा असंच जेवायचे. मी तेव्हा चाळिशीतही नव्हतो.

वजन उतरलं, आणि ते चांगलंच झालं. एस.टी.च्या बाकड्यावर शेजाऱ्याला जागा उरू लागली, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, बायको रात्रीची झोपू लागली. पोटाची कातडी ओघळली, काही महिने केस गळाले, त्याचं दुःख मी केलं नाही. जे गेलं ते दुसरं होतं आणि ते कुठल्याच काट्यावर दिसत नव्हतं.

हुरड्याचे दिवस घ्या. पौषात ज्वारीच्या कणसात दाणा दुधाळला की रानात आगटी पेटते. शेणकुटांच्या विस्तवात कणसं भाजणारा माणूस वेगळा आणि ती गरम गरम चोळून दाणे मोकळे करणारा वेगळा. चोळणाऱ्याचे तळवे भाजत असतात. तो फुंकर मारून कोंडा उडवतो आणि मूठ तुमच्या हातावर रिकामी करतो. तुम्ही खात राहता तोवर तो चोळत राहतो. तुमचा हात पुढे येतोय यातच त्याचं सुख. चोळायचं काम आमच्याकडे आईचं होतं. बँडनंतरच्या पहिल्या हुरड्याला मी एक मूठ घेतली, दुसरीतले चार दाणे खाल्ले आणि हात मागे घेतला. ती भरली मूठ तशीच धरून बसली. मग ती थोरल्या भावाच्या हातावर गेली. पुढच्या मुठी तिने चोळल्या, पण माझ्याकडे न बघता.

माझ्या खाण्यावरच्या आईच्या नजरेतून मी सुटायचो फक्त रथाच्या दिवशी. आषाढ वद्य एकादशीला सद्गुरू गोदड महाराजांचा रथ निघतो, सगळं कर्जत रस्त्यावर असतं, घरोघर उपवास असतो. मला साबुदाण्याची खिचडी चिकटून बसायची, पण वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी चालायची. त्या दिवशी सगळेच थोडं खात. माझी वाटी कुणाला लहान दिसत नसे.

आईचा माझ्या खाण्यावरचा डोळा समजायला बहात्तरच्या दुष्काळात जावं लागतं. विहिरी आटल्या, ज्वारी उगवलीच नाही, रेशनवर परदेशातली तांबडी मिलो आली आणि माणसं सरकारी कामांवर गेली. खडी फोडायची, बांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. त्यांत माझी आई होती, डोक्यावर मातीची पाटी आणि पोटात मी. कामावर सुकडी वाटायचे. ती आपल्या वाट्याची सुकडी पदराला बांधून आणायची आणि माझ्या थोरल्या भावंडांत वाटायची. भाकरी थापल्या की आधी म्हातारी माणसं, मग वडील, मग पोरं. तिची पाळी येईपर्यंत टोपल्यात चतकोर उरला तर उरला. कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं, "मला भूक न्हाई." आत्याही तेच म्हणायची, चुलतीही तेच. घरातल्या बाया एकमेकींना हे सांगत होत्या आणि एकीचाही दुसरीवर विश्वास नव्हता.

ही हकिकत मला आत्याने फार उशिरा सांगितली. तोवर कित्येक वर्षं मी आईला, रोज, दोन्ही वेळेला, हेच वाक्य ऐकवत आलो होतो. बँडने भूक जात नाही, जागा जाते. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या वरच्या भागात सर्वाधिक तयार होतं. जपानी संशोधकांनी ते 1999 साली शोधलं. पुढे बँडला मागे टाकणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत तो भागच कापून काढतात. बँडमध्ये काहीच काढत नाहीत. त्यामुळे मला भूक लागायची आणि चार घासांत दार बंद व्हायचं. पण 'जागा नाही' हे आईला कसं सांगणार? मी सोपं तेच सांगायचो. आणि तिच्या आयुष्यात ते वाक्य कधीच खरं नव्हतं. भाकरी कमी पडते तेव्हाच माणूस ते बोलतो, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. भरल्या घरात, भरल्या टोपल्यापुढे तिचा मुलगा रोज उपाशी उठतोय, असंच तिने ऐकलं असणार.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम माझ्या वाचनात आलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. कष्ट उपसणाऱ्या, रोडावलेल्या त्या आयांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण आपली बाळं हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, स्नायू कमी पडले होते. पोटात उपास काढलेलं शरीर पुढे साखरेच्या आजाराकडे लवकर झुकतं, असं हे संशोधन सुचवतं. 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. माझ्या एकट्याच्या शरीराचा हिशेब यावरून मांडता येत नाही, हे मला कळतं. पुढे मी खाल्लं, बसून राहिलो, तेही त्यात आहेच. तरीही त्या तलावावरच्या उन्हाळ्यात आईने जे खाल्लं नाही, ते माझ्या अंगावर कुठेतरी लिहिलेलं असेल, हा विचार मला सोडत नाही. तिला मी तो कधीच सांगितला नाही. तिने तो स्वतःचा गुन्हा मानला असता.

तिचे प्रयत्न थांबले नाहीत. माझ्या चुऱ्यात तुपाची धार वाढली. दप्तराच्या पिशवीत शेंगदाण्याचा लाडू निघू लागला. नवरात्रात राशीनच्या यमाई देवीला गेलो की हलत्या दीपमाळेपाशी उभी राहून ती माझ्यासाठी काय मागते हे मला विचारावं लागत नसे. 2017 साली इजिप्तची इमान अहमद मुंबईत आणली गेली. पाचशे किलो वजन सांगायचे तिचं. क्रेनने उचलून आणली, मुंबईत तिच्यावर ऑपरेशन झालं. टीव्हीवर तासन्‌तास तीच. अख्खा गाव वजनाचा आकडा बोलत होता, आई मात्र पडद्याजवळ जाऊन तिचं तोंड बघत होती. "हिला तिकडं कोन घास भरवीत असंल?" एवढंच तिने विचारलं. त्याच सप्टेंबरात इमान अबूधाबीला वारली. ते ऐकल्यावर आई रात्री जेवली नाही.

2019 चा उन्हाळा पुन्हा कोरडा आला. तालुक्यात चारा छावण्या पडल्या, टँकर फिरू लागले, आणि त्याच दिवसांत आईचं हृदय थकलं. पाय सुजले, दम लागायचा, अन्नावरची वासना उडाली. आम्ही सगळे तिच्याच हातचे वाढलेले, त्यामुळे घरात आग्रहाशिवाय दुसरी भाषा नव्हती. बहिणी रडून भरवायच्या, भाऊ रागावून भरवायचा, ती कसंबसं गिळायची आणि सगळं उलटून पडायचं. तेव्हा तिच्या जेवणाचं मी हाती घेतलं. मला हे येत होतं. किती पातळ करायचं, चमचा किती भरायचा, एका चमच्यानंतर किती थांबायचं, मान कशी टेकवायची, घशाशी आल्यावर माणसाच्या डोळ्यांत काय दिसतं, हे मी स्वतःच्या छातीत शिकलो होतो. मुगाचं कढण, ताकातली ज्वारीच्या कण्यांची पेज, कधी दुधात मुरवलेली भाकरीची पापुद्र्याएवढी कड. तिला मीठ तोललेलं होतं, म्हणून वर लिंबू. तीन-चार चमचे झाले की ती म्हणायची, "बास. भूक न्हाई मला." मी वाटी खाली ठेवायचो. एकदा तिने डोळे उघडून मला निरखलं आणि म्हणाली, "तुला असंच व्हायचं व्हय रं?" मी हो म्हणालो. तिने माझा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला. नंतर त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मी तिच्याशेजारी बसून माझी वाटी खाऊ लागलो. तिची वाटी आणि माझी सारख्याच मापाची होती.

दहावा सिद्धटेकला, भीमेच्या काठी. पाणी पार तळाला गेलेलं. प्रवचन झालं, पिंड ठेवले, कावळे झाडावर होते पण खाली येईनात. ऊन चढलं. भावाने हात जोडून जमिनीचं सांगितलं, बहिणींनी एकमेकींना अंतर देणार नाही असं सांगितलं. मावशी माझ्याजवळ आली. "तिचा जीव तुझ्या पोटात घुटमाळतोय. आता पोटभर जेवीन म्हन." सगळे माझ्याकडे बघू लागले. पोटभर जेवीन असं मी म्हणू शकत नव्हतो. आईपुढे, त्या घटकेला तरी नाही. मी पुढे होऊन पिंडांपाशी बसलो आणि जे खरं होतं ते म्हणालो, "आई, मी उपाशी नाही गं."

कावळा काही वेळाने आला. मावशीने डोळ्यांना पदर लावला.

मग पंगत बसली. आमटी, भाकरी, भात, बुंदी. मी चतकोर चुरला, त्यावर आमटी घेतली आणि मुरत ठेवला. शेजारचे जेवून उठले, त्यांच्या जागी दुसरे बसले, मी पेराएवढा घास घेत होतो. वाढपी पोरगा भाकरीचं टोपलं घेऊन माझ्यापुढे थांबला, ताटातला चुरा पाहिला आणि भाकरी टाकायला वाकला. मावशी ओळीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली, "त्याला नको वाढू रं, जेवतोय त्यो."