डाळिंबी

जुन्या गाडीच्या आतला मूळ रंग बघायचा असेल तर सीटकडे बघू नये, डॅशबोर्डकडे तर मुळीच नाही. खिडकीची काच खालीवर करायचं हँडल काढावं. त्याच्या मुळाशी प्लास्टिकची एक गोल चकती असते. ती उचलली की खाली रुपयाएवढं रेक्झिन उघडं पडतं. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून तेवढ्या जागेला ना ऊन लागलेलं असतं, ना कुणाचा हात. वाडीतल्या आमच्या आत्याच्या १९७६ सालच्या प्रीमियर पद्मिनीची अशी चकती काढली, तेव्हा खाली डाळिंबी रंग निघाला. भोवतीचं सगळं दार मळकट गुलाबी. ही गाडी आतून कधी डाळिंबी होती हे आम्हा भाचरांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्या मात्र चकतीकडे न बघताच म्हणाली, "मी कधीची सांगतेय."

वाडी हा वडोद्याचा जुना भाग. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून. गाडी दारापर्यंत येत नाही, ती रंगमहालाच्या बाजूला रस्त्यावरच उभी राहते. आत्याची गाडी वर्षानुवर्षं उत्तरेकडे तोंड करून उभी आहे, कारण तेवढीच जागा तिच्या वाट्याला आली. वडोद्याचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन डाव्या काचेतून आत शिरतं आणि समोरच्या, उजव्या दाराच्या आतल्या अंगावर पडतं. त्यामुळे बाहेरून सावलीत वाटणारं दारच आतून जास्त उडालंय. हे लक्षात आलं आणि मला त्या गाडीबद्दल एकदम माया वाटली. ती कुठे, कशी, किती वर्षं उभी होती, ते तिच्या रेक्झिनवरून वाचता येत होतं.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड भरलेलं काचपात्र उन्हात ठेवलं आणि आत पांढरा, घट्ट पदार्थ जमलेला पाहिला. तेच पीव्हीसी. उन्हानेच ते जन्माला घातलं, आणि पुढे तेच ऊन त्याच्या मुळावर उठलं. नुसतं पीव्हीसी कडक आणि ठिसूळ असतं. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात तेलासारखे पदार्थ मिसळून ते मऊ केलं, म्हणून त्याचं पुढे रेक्झिन होऊ शकलं. बंद गाडी उन्हात तापली की हे मऊपण हळूहळू उडून जातं. पुढच्या काचेवर आतून जो धुरकट, चिकट थर बसतो आणि ओल्या फडक्याने नुसताच पसरतो, त्यात ते असतं. उन्हातले अतिनील किरण पीव्हीसीच्या साखळ्या तोडतात, रंगद्रव्यंही फोडतात. आणि लाल रंग बहुधा सगळ्यांत आधी हार मानतो. डाळिंबीचा गुलाबी होतो तो असा. हे रसायन आमच्या शहराला परकं नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएलच्या वडोद्याच्या संकुलात पीव्हीसी तयार व्हायचं.

पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला. नवं डोअर पॅड मिळत नाही असं नाही. कुशनवाला हार्डबोर्ड कापून, त्यावर आजचं रेक्झिन ताणून एका दिवसात बनवून देतो. पण आजच्या रेक्झिनची रवाळी वेगळी. जुन्याचा दाणा बारीक आणि उथळ आहे, त्यावर दाबून उठवलेल्या उभ्या रेघा आहेत, आणि त्या रेघा आत्याने लहान मुलांना मांडीवर घेऊन बोटांनी मोजायला शिकवलेल्या आहेत. पॅड बदललं की ते सगळं भंगारात गेलं. पॅड शाबूत असेल तर ते बदलू नये, रंगवावं, असं माझं ठाम मत आहे.

रंगवण्याचं काम ज्यांनी केलं ते चाचा आयुष्यभर गाड्यांना रंग मारत आलेले. पण पहिले दोन दिवस त्यांनी रंगाचा डबा उघडलाच नाही. नुसती धुलाई. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, मग स्पिरिटचं फडकं, पुन्हा पाणी. कारण डॅशबोर्ड चकचकीत करायला लोक जे पॉलिश फासतात त्यात सिलिकॉन असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावर रंग पडला की तो आकसतो आणि बारीक गोल खळगे उघडे पाडतो. चाचा पॅड धुऊन त्यावर पाण्याचे थेंब सोडत. थेंब गोळे होऊन राहिले की पुन्हा धुलाई. पाणी सपाट पसरलं तेव्हाच ते म्हणाले, "आता घेईल."

त्यांची ती धुलाई बघताना मला गज्जरांची आठवण झाली. त्रिभुवनदास गज्जर हे सयाजीराव महाराजांच्या काळात वडोद्यात रसायनशास्त्र शिकवत. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाची उभारणी त्यांची, आणि रंगाईचं शास्त्र तिथे आणलं तेही त्यांनीच. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेले. चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं, हे मराठी माणसाला माहीत असतं. तो पुतळा मुंबईला दिला होता वडोद्याच्या खंडेराव महाराजांनी, आणि १८७२ मध्ये, म्हणजे बाउमानच्या काचपात्रात पीव्हीसी जमलं त्याच वर्षी, त्याचं अनावरण झालं. दगडाला धक्का न लावता त्यावरचे डाग काढले ते गज्जरांनी. राणीच्या बाजूने मला काही म्हणायचं नाही. डांबर फासणाऱ्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण वरचा थर काढायचा आणि खालच्याला जपायचं, ही विद्या आमच्या गावात इतकी जुनी आहे याचा मला अभिमान वाटतो.

रंग जमवायला सबंध दुपार गेली. चकतीखालचा तुकडा हाच नमुना. लाल, त्यात किंचित काळा, मग थेंबभर निळा. आत्या खुर्ची टाकून शेजारी बसली होती. "हा वांगी झाला," "हा कुंकवाकडे गेला," असं ती सांगत होती आणि चाचा ऐकत होते. साड्यांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या बाईची नजर कुठल्याही रंगपत्रिकेपेक्षा पक्की असते. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला रंग उघड्यावर नेल्यावर तपकिरी दिसला, म्हणून पुढचं सगळं जुळवणं ओट्यावर, उन्हात झालं. ओला रंग वाळल्यावर एक छटा गडद होतो, तेही धरावं लागतं.

आणि मग स्प्रे गन. "पातळो हाथ, भाई, पातळो," चाचा मदतीच्या पोराला पुन्हा पुन्हा बजावत होते. रेक्झिनसाठीच्या या रंगातला द्रावक वरचा थर क्षणभर मऊ करतो, आणि त्या क्षणात रंग आत धरून बसतो. एकच जाड हात मारला की दाणा बुजतो, दार प्लास्टिकच्या बादलीसारखं गुळगुळीत दिसायला लागतं आणि पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. पहिला हात तर नुसता धुक्यासारखा, खालचा गुलाबी तसाच दिसत राहतो. तो वाळू द्यायचा, मग दुसरा आडवा, तिसरा उभा. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकाकी अजिबात द्यायची नाही, नाहीतर त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि चालवणाऱ्याला समोरचा रस्ता नीट दिसत नाही. कडक प्लास्टिकचे भाग वेगळे काढून, वॉटर पेपरने हलके घासून, वेगळे रंगवले. प्लास्टिकची जात बघून खाली प्रायमर लागतो की नाही ते ठरतं, आणि काही प्लास्टिकं तर खास प्रायमरशिवाय रंग धरतच नाहीत.

ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला हातभर लांबीची एक जागा आहे. आत्याचे यजमान गाडी चालवताना कोपर तिथे टेकवत. त्या जागेचा दाणा पार झिजून गेला आहे. दाणा भरायचं सामान मिळतं, साच्याने रवाळी उठवताही येते. आत्याने नको म्हटलं, आणि मलाही ते पटलं. तिथेही रंग बसला, पण झिजलेल्या जागेवर प्रकाश वेगळा पडतो. डाळिंबी दारावर तेवढाच पट्टा मऊ, थोडा चमकदार दिसतो. उडालेलं परत आणता येतं. झिजलेल्यावर नुसता रंग चढतो.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर '२१ गन सल्यूट'चा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. लाकूड, पितळ, कातडं, आरशासारखे मडगार्ड, डोळे निवावेत अशा गाड्या. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिची ट्युरिनची सनद सांगते की जतन आधी, दुरुस्ती त्यानंतर, आणि जे नव्याने करायचं ते मूळ वस्तूला जपून. राजवाड्यातल्या गाड्यांना हे तत्त्व लावणारे जाणकार मिळतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या, कुर्ल्याच्या कारखान्यातून लाखोंनी निघालेल्या पद्मिनीलाही ते तितकंच लागू आहे, हे म्हणणारं माणूस क्वचित भेटतं. मी म्हणतो. मध्यमवर्गाच्या घरात आलेली पहिली गाडी आतून कशी दिसत होती, तिचा वास, तिचा रंग, हे पुढच्यांना कळायचं असेल तर ते याच रेक्झिनवरून कळणार आहे.

मागची दोन दारं अजून राहिली आहेत. पावसाळ्यात हे काम करू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. नवरात्रात गॅरेजची पोरं गरब्याला जाणार, म्हणून दिवाळीच्या आधीचा आठवडा ठरला आहे. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेवलाय. चाचांनी तोंडी सांगितलेलं लाल-काळ्या-निळ्याचं प्रमाण आत्याने कागदावर लिहवून घेतलं आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत, आरसी बुकच्या पाठीमागे लावून ठेवला.